लग्न होईपर्यंत

अण्णा, तुमचं वाक्य कोर्टाने काढून टाकलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हाला कळावी आणि चांगली झोंबावी असं मला वाटतं.

माकुणसारचा पानमळा तुम्ही ट्रस्टमध्ये घातलात तो दिवस आठवतो. पालघरचे वकील ओटीवर बसले आहेत, आई चहा देते आहे, मी पानांच्या जुड्या बांधते आहे. लाभार्थी कोण कोण, असं वकिलांनी विचारलं. तुम्ही दादाचं नाव घेतलंत, त्याला पुढे होतील त्या पोरांचंही सांगितलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "हिचं पन लिवा. पन लगीन होईपर्यंत. नाय तर उद्या जावय येऊन वेली मोजत बसंल." वकील हसले. आईसुद्धा हसली. मळ्याला पाणी मी लावत होते. दादाला वेल कोणती नि तण कोणतं हेही कळत नव्हतं. तरी महिन्यातले चार दिवस तुम्ही मला मळ्याच्या कुडाबाहेर उभं करायचात, विटाळाने वेल सुकते म्हणून. ते मी मुकाट सोसलं. पण त्या दिवशी मनाशी म्हटलं, बघू या, कोण कोणाला बाहेर काढतं.

त्याच वर्षी बोईसरच्या कारखान्यातल्या एका फिटरने मला मागणी घातली. "मला तुमचा मळा नको," तो म्हणाला. मला हवा होता. मी नाही म्हटलं. तुम्ही मात्र गावभर सांगत फिरलात, पोरगी बापाला सोडून जात नाय. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं अंग मीच पुसायची. पाणी कधी कधी मुद्दाम गार घ्यायची. तुम्ही शहारलात की बरं वाटायचं.

पुढे फिटरने दुसरीकडे लग्न केलं, ती बाई वारली, आणि केस पिकल्यावर तो पुन्हा आमच्या ओटीवर आला. या वेळी मला दोन्ही हवं होतं. त्याचं नाव न काढता मी दादाला म्हटलं, ती अट काढून टाकू. "काढ की," दादा म्हणाला, "आता तुला कोन नेतंय?" पण त्याची उशिरा झालेली पोरं अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, तीही लाभार्थी, म्हणून कोर्टाच्या परवानगीशिवाय काही बदलता येईना. आम्ही ठाण्याला गेलो. फिटरला मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबायला सांगितलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, बाईंनी लग्न केलं तर त्यांचा हिस्सा मुलांकडे जायचा, मग या बदलाने अज्ञान मुलांचं नुकसान होत नाही का? आमचे वकील उठले. "नाही साहेब. अर्जदार बाईंचं वय बघता विवाहाचा संभव नाही. त्यांची तशी इच्छाही नाही. अट राहिली काय, गेली काय, मुलांच्या हिश्श्यात फरक पडत नाही." हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे?" नाही म्हटलं असतं तर अर्ज तिथेच बुडाला असता. मी मोठ्याने म्हटलं, "मान्य आहे."

परवानगी मिळाली. मी हसतच वळले, तर शेवटच्या बाकावर तो बसलेला. बाहेर ऊन लागलं म्हणून आत आला असावा. त्याने मला नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा, आणि निघून गेला. मला धावता आलं असतं. पण दादा शेजारी होता, आणि निकालाची नक्कल अजून हातात पडायची होती.

तुम्ही हसला असाल, तर हसा. मळ्यातला हिस्सा आता मरेपर्यंत माझा आहे, लग्न करो न करो. विटाळही कधीच संपला, कुडाबाहेर उभं करणारं कुणी नाही. हे पत्र तुमच्या फोटोसमोर जाळायचं ठरवलं होतं, पण तेवढाही मान तुम्हाला द्यावासा वाटत नाही. एकच सांगते. अजून महिन्यातले चार दिवस मी उगाचच कुडाबाहेर थांबते, आणि रस्त्याकडे बघत बसते.