काळीचा फेस

११ ऑगस्ट, लातूर
रेड्डीसाहेबांचा फोन. देगलूरचे. एक हॉटेल नांदेडात, एक इथं. नांदेडच्या त्या ब्रुअरीच्या तीन काळ्या बिअर दोन्हीकडं ठेवायच्या म्हणतात, पण चव बघणं माझं काम, तेव्हा आधी मी चाखून हो म्हणायला हवं. श्रावणात गिऱ्हाईक नसतं, म्हणून असली कामं आत्ताच उरकायची. मग जरा चाचरत, मॅडम, ती ब्रुअरी तुमच्या मिस्टरांची ना? म्हटलं, होते मिस्टर. कधी येऊ ते सांगा.

दूध उतू गेलं तरी कळलं नाही. वर्षभर असल्याच कशाची तरी वाट बघत होते. महेशची बिअर आणि निकाल माझ्या जिभेवर. देव आहे.

१२ ऑगस्ट
बापू चिडलेत. श्रावणी सोमवारी विषय काढला, चूक माझीच. म्हणाले, "पुन्हा त्याच्या दारात प्यायला जायची हौस आली का?" पिणं वेगळं, चाखणं वेगळं. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकत होते तेव्हापासून समजावतेय. गळ्यात इष्टलिंग असलेल्या, दारू न शिवणाऱ्या माणसाला समजत नाही, आणि मी तरी किती अपेक्षा करू.

महेशनं, म.नं, नेमकं हेच हत्यार केलं. ब्रुअरीची 'काळी' खरं तर माझी. बन्शी गहू भाजून घातलेली स्टाउट, नाव मी दिलं, आमच्याकडच्या काळ्या रानावरून. लायसन त्याच्या नावावर, कारण नव्या लग्नात कुणाचं नाव घालायचं हे कोण बघतं. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा हा माणूस बापूंच्या धान्याच्या आडतीवर आला, सौदा चालू असताना, सगळे व्यापारी बसलेले, आणि म्हणाला, "मामा, तुमची लेक सकाळपासून पीत बसती. मी किती सांभाळू?"

सकाळी चाखत होते कारण जीभ सकाळीच साफ असते. ते माझं काम होतं, त्यालाही माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंत साऱ्या मोंढ्यात, बाजारभर झालं. धाकट्या अश्विनीचं उदगीरचं स्थळ जमत आलेलं, मोडलं. थोरली पिती म्हणं.

मला ब्रुअरी नको. ते वाक्य त्यानं परत घेतलं पाहिजे. जिथं बोलला तिथंच.

१४ ऑगस्ट, नांदेड
भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, 'महेशची काळी'. बघितलं, आत गेले. म. नमस्कार म्हणाला, मीही म्हटलं. पाहुण्यासारखे.

पोर्टर: काकवीचा वास, मागं हलका करपलेपणा, घशात स्वच्छ. चांगली. चांगलीला चांगली लिहिलं, सूड घ्यायचा म्हणून जीभ विकायची नाही.
कॉफीवाली: कॉफी फार, बिअर थोडी. चालेल.
मग काळी.

ग्लासात ओतली तेव्हा फेस आला, तपकिरी, छान. मी कागदावर नाव लिहून वर बघेपर्यंत गेलेला. काठाला नुसती एक ओळ. गहू घालतात तोच मुळी फेस टिकावा म्हणून. वास घेतला. भाजका गहू, कोको आणि त्याखाली काहीतरी जड. घोट घेतला आणि शेवटाला जिभेवर ते आलं. खवट, चिकट.

एरंडेल.

अंगावर काटा आला. आनंदानं, खोटं कशाला लिहू.

रेड्डीसाहेब म्हणाले, "हे फेस कुठं पळालं?" म. म्हणाला ग्लास नीट धुतले नसतील, आणि धुणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर झाडलं. नवे ग्लास आले, तेच. मग म्हणाला गॅसचं प्रेशर. मी कागदावर एवढंच लिहिलं: फेस नाही. शेवट खवट. सध्या ठेवू नये. कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रेड्डीसाहेबांनी नवा घाणा, नवी बिअर काढायला वेळ दिलाय, ५ सप्टेंबरला पुन्हा चव. काळी नसेल तर बाकीच्या दोनही घेणार नाहीत, लोक मागतात ती काळीच. म.चा चेहरा पडला. या एका सौद्यावर ब्रुअरी तगायची आहे, हे लायसनची कामं करणारा एक ओळखीचा आधीच बोलला होता.

१५ ऑगस्ट
ड्राय डे. डोकं शांत.

गहू माईचा, म.च्या आईचा. कंधारकडचं रान. दर उन्हाळ्यात माई गहू कडक उन्हात घालते, तळहातावर एरंडेल घेते आणि पसाभर पसाभर चोळत बसते. वर्षभर किडा लागत नाही. सगळेच करतात, पोळीला काही होत नाही. पण तेलानं बिअरचा फेस मरतो, आणि गहू भाजला की ते तेल खवटतं. म्हणून दर उन्हाळ्यात मी कंधारला जायचे आणि तेल लावायच्या आधी ब्रुअरीची पोती बाजूला काढायचे. त्यांत नुसता कडुलिंबाचा पाला. माई हसायची, म्हणायची, "तुझा येडा गहू येगळा ठेव बाई."

या उन्हाळ्यात कोण गेलं? कुणी नाही. म.ला मशीनचं स्पेलिंग येतं, स्वतःच्या घरचा गहू माहीत नाही. अकलेचा कांदा.

१८ ऑगस्ट
माईचा फोन. तिचा अधूनमधून येतो, वेगळं झाल्यावरही. मी तिला माईच म्हणते, ते काही कोर्टात ठरलं नव्हतं.

पोराचं काहीतरी बिघडलंय, जेवत न्हाई म्हणाली. नवा घाणा काढायचाय म्हणून त्यानं गहू मागवला. "मी म्हनलं जुन्या पोत्यात काही खोट आसंल. तर घरचा चांगला निवडून दिला. दोनदा तेल चोळलं, बघ. तुझ्या काळीसाठी हाय म्हनून."

दोनदा.

माझ्या तोंडात आलं होतं. माई, तेल नको. तीन शब्द. गिळले. बरंय म्हटलं, आणि गुडघे कसे आहेत ते विचारलं.

फोन ठेवल्यावर आधी हसू आलं. मग 'तुझ्या काळीसाठी' हे आठवलं. अख्ख्या जगात तिला माझी म्हणणारी एकटी हीच.

१९ ऑगस्ट
राखी. अश्विनीला सगळं सांगितलं. भाऊ नाही म्हणून आम्ही एकमेकींनाच बांधतो. तिनं गाठ मारता मारता म्हटलं, "ताई, तोंड उघडलंस तर माझ्याशी बोलू नको. सडू दे."

तिचं बरोबर आहे. तिचं स्थळ मोडलंय.

२६ ऑगस्ट
लायसनवाल्याकडून कळलं. म.नं सगळे पाइप बदलले, पुण्याहून एक जाणकार आणवला. तो पाण्याचा दोष सांगून गेला. पाणी. इतकी हसले की अश्विनी बघायला आली.

३१ ऑगस्ट
म.चा फोन. नवा घाणा आधीपेक्षा वाईट. आवाज बसलेला.

"काय चुकून राहिलं, सांग. तुला माहीत हाय, मला कळतंय. त्या दिवशी तुझं तोंड बघितलं मी."

"पिणाऱ्या बाईला काय विचारता?"

मग मी अट सांगितली. बापूंच्या आडतीवर यायचं, सौद्याच्या वेळी, त्याच माणसांसमोर म्हणायचं. ती पीत नव्हती, तिचं काम करत होती, मी खोटं बोललो. एवढं. मग सांगते काय चुकतंय, आणि रेड्डीसाहेबांकडून मुदतही वाढवून घेते.

"तेवढं सोडून काही बी माग."

ठेवला. आदळलाच. रागानं. दुसरं काही नाही.

२ सप्टेंबर, पोळा
अमावास्या, मोंढा बंद. बापू नेहमीसारखे दुकानात उदबत्ती लावायला गेले आणि तासाभरानं हातपाय न धुता सरळ माझ्यासमोर बसले.

म. आला होता. शटर अर्धं वर, बाजारात चिटपाखरू नाही. वाकून आत आला आणि बोलला. ती पीत नव्हती, मामा. मी खोटं बोललो. पाया पडला. बापू म्हणाले, "खोटं भर बाजारात बोललास, खरं बंद बाजारात. उद्या सौदा हाय, तवा ये."

दिवस मुद्दाम निवडला होता. लबाड.

मग बापू खाली बघत म्हणाले, मी बी त्या दिवशी काही बोललो न्हाई, लेकरा. मला वाटलं खरंच पीत असशील. एवढंच. उठून बैलांना पुरणपोळी द्यायला शेजारी गेले. मी पुरण ढवळत रडले.

३ सप्टेंबर
आडतीवर, गादीच्या कोपऱ्यात बसून लिहितेय. सौदा सुरू व्हायचाय.

सकाळी डबा भरताना लक्षात आलं. तो आज बोलला तर मला सांगावं लागेल. आणि सांगितलं, की हा पहिला फोन कंधारला लावणार. मला माहितेय तो कसा बोलतो. ग्लास धुणाऱ्याला बोलला तसा. म्हातारीला कळेल, आपण दोनदा चोळून चोळून लेकाचं घर बुडवलं. आणि हेही कळेल, की १८ तारखेला मला ठाऊक होतं आणि मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करत बसले.

त्याचा सूड घ्यायला निघाले आणि हात माईचे वापरले.

तरी पाहिजे. त्याचं ते 'मी खोटं बोललो' मला अजून पाहिजे, या ओट्यावर, या माणसांसमोर. सोडणार नाही.

म. आलाय. गाडी समोर लावून उभा आहे. बापूंनी खुर्ची दिलेली नाही. उदगीरच्या त्या मोडल्या स्थळाचे गृहस्थही बसलेत, त्यांनी मान वर करून बघितलं. म. पायरी चढतोय.

मी माईला फोन लावलाय. तो तिला झाडायच्या आधी तिला माझ्याकडून कळलं पाहिजे. रिंग जातेय. रानात असेल. उचल ना, माई.