फत्तेसिंगरावांचा फॉर्म

प्रिय यशू,

चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझे अप्पा ठणठणीत आहेत, म्हणजे एक्याण्णवाव्या वर्षी माणूस जेवढा असतो तेवढे. आवाज अजून तसाच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा.

आपला तो वृद्धांचा अभ्यास अजून चालू आहे गं. तुझ्या स्कूटरवरून येलवाल गावात म्हाताऱ्यांची माहिती घ्यायला जायचो, आठवतं? जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. कुणी मोठ्या पुराचं वर्ष सांगायचं, कुणी थोरल्या भावाच्या लग्नाचं. परतताना एकच दोसा दोघींत वाटून खायचो. शंभरांतले दर वर्षी किती उरले त्याचा आलेख तू काढायचीस, आणि रेघ एक पायरी उतरली की तिथे बारीक अक्षरात त्या गेलेल्या माणसाचं नाव लिहायचीस. सर रागवायचे, अल्वा, हो ना? अय्यो, काय दिवस होते! फार आठवण येते मला.

‘फत्तेसिंगराव’ हे अप्पांचं नाव तूच यादीत घातलंस. मग तू पुनीतशी लग्न केलंस आणि अप्पांनी तुझं नाव काढायलाही घरात बंदी केली. मी दर जानेवारीत फॉर्म घेऊन जाते. ‘हयात मुलं किती?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘एक. मुलगा.’ माझ्याकडे न बघता. आणि मी, तुझी जिवाभावाची मैत्रीण, मुकाट्याने ‘एक’ लिहीत गेले. तेरा वेळा. लाज वाटते गं.

यंदा अप्पांनी यादीतल्याच शेजारच्या दत्तोजीरावांची चौकशी केली. ते घर सोडून गेले, कुठे ते कुणाला माहीत नाही. ‘मेले म्हणून लिहिलंस काय?’ मी म्हटलं, छे, शेवटचे भेटले त्या दिवसापर्यंत हयात धरायचं, पुढचं आपल्याला ठाऊक नाही.  मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर अप्पा म्हणाले, ‘दोन. मुलगी शिमोग्याला असते.’

कॉम्प्युटरने तो आकडा लाल केला. या वयात मुलं वाढतात कशी, चूक दुरुस्त करा, असा आमच्या आकडे तपासणाऱ्या विश्वेशचा फोन आला. मी साफ सांगितलं, चुकीचे आधीचे तेरा आहेत.

यशू, या वयाच्या शंभर जणांतले वर्षभरात साधारण किती राहतील ते मी सांगू शकते. एकट्या अप्पांचं नाही सांगता येत. त्यांनी तुला बोलावलेलं नाही, त्यांच्याने ते व्हायचंही नाही. मी बोलावते आहे. ये.

तुझीच,
सुमित्रा