सासूबाईंचा पालथा हात

मंगळवार, संध्याकाळ

लग्नाला वर्ष झालं, तरी सासूबाई पाण्याची मोटर मला लावू देत नाहीत. नळाला पाणी आलं की स्वतः बटण दाबतात, मोटरला पालथा हात टेकवून बघतात, मगच मला पाणी भरायला बोलावतात. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करते, आणि घरात माझ्यावर एवढाही भरवसा नाही? राग होता मनात, खोटं कशाला लिहू.

म्हणून आज तपासायचं यंत्र जोडलं. मोटरच्या दोन्ही तारा तांब्याच्या वेटोळ्याच्या कड्यातून ओवल्या. गेलेला करंट सगळा परत आला, तर कडं गप्प. थोडा जरी दुसरीकडे गळला, तर ॲम्प्लिफायर तो वाढवून लाल दिवा लावतो. मोटर चालू केली. दिवा लागला नाही. मी मनात म्हटलं, बघा, उगाच भीती.

तेवढ्यात सासूबाई आल्या आणि सवयीने पालथा हात टेकवला. दिवा लागला. हात काढला, विझला. म्हणजे करंट गळत होता तो त्यांच्यातून.

"कधीपासून झिणझिण्या येतात?"

"दिवाळीपासून. जराशा येतस. मना हात लूमवर निबर व्हयेल शे. तुना कवळा." म्हणजे त्यांचा हात लूमवर राठ झालेला, माझा कोवळा.

अर्थिंगची तार तुटलेली निघाली. ती जोडली, मोटर उद्या मिस्त्रीकडे. परत आली की मीच लावणार, असं सांगून टाकलं.

"लाव," म्हणाल्या. "पण पहिले मी हात लाई देखसू."