ब्रेकमधली हवा

बाबा, सकाळपासून मी तीनदा बेसमेंटमध्ये जाऊन गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून आले. चहा धड प्याले नाही, ऑफिसला सुट्टी टाकली ती वेगळीच. बसलं की उठावंसं वाटतं, म्हणून शेवटी कागद ओढला. तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस तुमच्या शेवटच्या फोटोतल्या केसांपेक्षा पांढरे झालेत, पण भांडण तसंच आहे. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, नोएडात नोकरीला लागली. तुम्ही ज्याला गुडगाव म्हणायचात तिथून, म्हणजे आताच्या गुरुग्रामहून, अख्खी दिल्ली ओलांडून रोज जायचं. ती म्हणते, आई, तुझी जुनी गाडी मला दे, कॅबवाले ऐनवेळी कॅन्सल करतात. आज सोमवारपासून गाडी तिची, असं ठरलं होतं. आणि नेमका गेल्या आठवड्यात ब्रेकने दगा दिला.

सिग्नलला उभ्या होतो. गाडी ती चालवत होती, मी शेजारी. ब्रेक दाबून धरलेला, आणि तिचा पाय हळूहळू खाली जायला लागला. "आई, यार, पेडल बुडतंय!" तुमच्या जावयांना सांगितलं तर म्हणाले, "विकून टाक तो खटारा." मी मात्र टॉर्च घेऊन खाली वाकले, कारण तुमचं घोकून घेतलेलं अजून डोक्यात आहे. दाबल्यावर फुसकं लागलं आणि दोनदा पंप केल्यावर वर आलं, तर आत हवा. धरून ठेवल्यावर सावकाश खाली गेलं, तर मास्टर सिलिंडर. आणि आधी चाकं बघायची, मग ऑइलची टाकी बघायची, मग मेकॅनिकचं ऐकायचं. चारही चाकं आतून कोरडी होती, टाकीतलं ऑइल होतं तेवढंच. म्हणजे ऑइल बाहेर सांडत नव्हतं, सिलिंडरच्या आतल्या झिजलेल्या रबराच्या कडेने मागे सरकत होतं. गॅरेजवाल्याने नवा सिलिंडर बसवला आणि "ओके है मॅडम, बिल्कुल ओके" म्हणून चावी हातात दिली. घरी आणली तर पेडल आता बुडत नव्हतं, पण इडलीवर पाय द्यावा तसं लागत होतं. पठ्ठ्याने हवा नीट काढलीच नव्हती.

ही सगळी विद्या आपल्या घरात कुठून आली, ते तुम्हाला आठवत असेलच. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, सेकंडहँड गाडी, आणि गुडगावला बुक केलेला फ्लॅट. दर रविवारी आपण त्या फ्लॅटची प्रगती बघायला जायचो. प्रगती कसली, नुसते खांब! आई मांडीवर दहीभाताचा डबा घेऊन बसायची आणि म्हणायची, "गेल्या रविवारी एवढेच होते की हो." तो मे महिना होता. ट्रकच्या मागे मागे तुम्ही सारखा ब्रेक मारत होतात, आणि एकदम तुमचा पाय पार तळाला जाऊन टेकला. तुम्ही ओरडला नाहीत. गिअर खाली ओढलात, हँडब्रेक खेचलात आणि गाडी सरळ रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगात घातलीत. दहीभात माझ्या केसांत. तुम्ही म्हणालात, "उतरा, आलं गुडगाव." आईने जे तोंड सोडलं ते घरी येईपर्यंत मिटलं नाही.

चूक कुठे होती ते तुम्हीच शोधलंत. ब्रेक ऑइलचा अर्धा डबा तुम्ही बाल्कनीत ठेवला होता, तोंडाला दुधाची पिशवी आणि रबरबँड लावून, दोन पावसाळे. टाकवत नाही ना आपल्याला काही! लोणच्याच्या तेलासारखं ते टिकेल असं तुम्ही धरून चाललात, आणि ते ऑइल हवेतली ओल पीत बसलं. तेच तुम्ही गाडीत ओतलंत. चाकं तापली तसं आतल्या पाण्याची वाफ झाली आणि पेडल गेलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला म्हणालात, "माझी चूक झाली." मी तुमच्या तोंडून हे वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं. आई पोळी लाटत होती, ती वळलीसुद्धा नाही. "पोर गाडीत होती," एवढंच म्हणाली.

त्यानंतर रविवारचं गुडगाव बंद झालं आणि ब्रेक सुरू झाले. तुम्ही चाकाशी आडवे, मी ड्रायव्हरच्या सीटवर. मी दाबायचं, धरायचं, तुम्ही चाकामागची हवा सोडायची बोंडी ढिली करायची, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. बोंडी आवळेपर्यंत मी पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. मला गंमत वाटायची. एकोणीस वर्षांची होते, लायसन्स नुकतं आलं होतं. पुढे गुडगावला त्या नव्या परदेशी कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, बाबा, गाडी मी नेते. तुम्ही सीटवर बसलात, पेडल दाबलंत, मान हलवलीत. "अजून थोडी हवा आहे." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ते पेडल मला तर दगडासारखं लागायचं! पण तुमच्यापुढे बोलायची सोय होती का? मी बसच्या दांड्याला लटकत, कुणाकुणाची कोपरं खात, ओढणी सांभाळत जायचे. तिसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, काकांनी गाडी विकली, आणि तुमच्या गाडीचं स्टिअरिंग एकदाही माझ्या हातात आलं नाही. मला राग आहे, बाबा. अजून आहे. बसमधल्या त्या माणसांच्या हातांपेक्षा ब्रेकमधल्या बुडबुड्याची तुम्हाला जास्त भीती वाटली, याचा राग आहे.

काल दुपारी हवा काढायला मी खाली उतरले. आमच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे, तशी पाटीच आहे, म्हणून सगळे जेवून आडवे झाल्यावर चोरासारख्या गेलो दोघी. लेक सीटवर, मी फरशीवर जुनी चादर टाकून. रंगावर ऑइल सांडायचं नाही, रंग उडतो, हेही तिला सांगितलं. "अच्छा बाबा, चलो, बोल आता," ती म्हणाली. दाब. धर. सोडू नकोस. बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नळीत नुसतं स्वच्छ ऑइल. चारही चाकं केली. खालून मला तिचा पाय दिसत नव्हता, फक्त आवाज यायचा, "धरलंय, आई." इतका शहाणा आवाज तिला कधी आला, कोण जाणे. गार्ड आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "भैया, चाभी गिर गई थी." मी चादरीवर पडल्या पडल्या हसले.

आज सकाळी ती तयार होऊन, पाण्याची बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "जाऊ ना?" आम्ही दोघी खाली गेलो. मी सीटवर बसले, पेडल दाबलं. मग तिच्याकडे न बघता म्हटलं, थांब, अजून थोडी हवा वाटतेय. तिने वादही घातला नाही हो! "ओके, तू म्हणतेस तर," म्हणाली आणि कॅब शोधायला लागली. पहिली कॅन्सल झाली. दुसरी आली, मागे अंधाऱ्या काचा, ड्रायव्हर फोनवर बोलतोय. ती मागे बसली आणि मला हात केला.

तेव्हापासून माझं हे वरखाली चाललंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, आणि तुम्ही असतात तर लिहिलंही नसतं. कारण तुम्ही काही न विचारता गाडीत बसला असतात, एकदाच पाय ठेवला असतात, आणि तुम्हाला कळलं असतं. पेडल उत्तम आहे, बाबा. कालपासूनच उत्तम आहे.