आत्याच्या लग्नाची डिस्क

नाना, आत्याच्या लग्नाची डीव्हीडी माझ्याकडे आलीय, इथे कोइम्बतूरला. तिनेच फैजपूरहून कुरियरने पाठवली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, वरून केळीच्या खोक्याचा पुठ्ठा बांधून. फोनवर म्हणाली, "पाहाय रे बाबा, तुले काही जमते का. आमच्या इथं तर लागतच नाही, नुसती गरगर फिरून राह्यली." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुह्या बापाचा आवाज हाय रे त्याच्यात." जसं काही मला माहीत नव्हतं. तुमचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तेव्हाच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग नव्हतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो. तुमचं बोलणं कसं होतं म्हणून आठवायला गेलो की शब्द आठवतात, आवाज येत नाही.

लोकांना हे खरं वाटणार नाही. सोनगीरपासून शिरपूरपर्यंत कितीतरी लग्नांची शूटिंग तुम्ही काढली, आणि एकातही तुम्ही नाही. दिसायचा प्रश्नच नव्हता, कॅमेरा तुमच्याच खांद्यावर. आवाज तरी राहायला हवा होता, पण तो तुम्ही स्वतःच्या हाताने पुसत होता. एकदा मला धुळ्याला मिक्सिंगच्या दुकानात नेलं होतं, आठवतं का? कुलरसमोर बसवलं, हातात उसाचा रस दिला, आणि पडद्यावर कुणाची तरी हळद चालू होती. मधेच तुमचा आवाज आला, वहिनी जरा इकडे बघा, मामा पुढे या. तुम्ही मिक्सिंगवाल्याला लगेच म्हणालात, इथून गाणं टाक. परत आवाज आला, परत गाणं. मी विचारलं, नाना, तुमचं बोलणं का काढता? तुम्ही हसून म्हणालात, "पार्टीले मना आवाज काय करना शे?" आणि घरी आल्यावर तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. आधीच्या नवरीवर पुढची नवरी. असे किती वेळा तुम्ही पुसले गेलात, देव जाणे.

फक्त आत्याच्या लग्नात एक जागा राहिली. पाठवणीची. सख्ख्या बहिणीचं रडणं, त्याच्यावर गाणं टाकायचं होतं, आणि तुम्ही टाकलं नाही. आई सांगते, मिक्सिंगहून आलात आणि जेवताना म्हणालात, "तठे मना हातच उठना नही." म्हणून तेवढा तुकडा जसाच्या तसा आहे. आत्या गाडीकडे चाललीय, बायका रडतायत, आणि मी तिचा शालू धरून मधोमध उभा आहे, अर्धी नवरी झाकून. तेवढ्यात कॅमेऱ्याजवळून आवाज येतो, "ए पोऱ्या, सरक ना बाजूले!"

दर दिवाळीला आई आणि मी फैजपूरला जायचो, तुम्ही कामापायी मागेच राहायचात, आणि तिथे हे ठरलेलंच. फराळ झाला की डीव्हीडी लावायची, आणि पाठवणी आली की आत्या आतून सगळ्यांना हाका मारणार, या रे, आता नाना वरडतो. मग "सरक ना बाजूले" आलं की सगळं घर हसायचं, रडणारी आत्यासुद्धा. माझ्याकडे बोट दाखवून हसायचे. मीही हसायचो. पण तुम्ही गेल्यावर ते हसू मला जड व्हायला लागलं. मनात यायचं, एवढा बाप, आणि त्याच्यातलं उरलं काय, तर मला बाजूला हो म्हणणारा एक आवाज. आणि खरंच सरकत गेलो की मी. आठवीत शाळा सोडली. जळगावला डाळ मिल, मग पाईपची कंपनी, मग सुरत, मग इथे. आई म्हणते याच्या पायाला भिंगरी. मी तिला कधी बोललो नाही, पण मला तर सांगितलंच होतं ना सरकायला.

इथे आम्ही ऑफिसांमधले टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडतो, साफ करतो, त्यांच्यात लिनक्स टाकून शाळांना देतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, फुकटचं, पण चोरीचं नाही. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, घ्या, वापरा, उघडून बघा, दुसऱ्याला द्या. तुमच्या धंद्यात हे असतं तर तुम्हाला आवडलं असतं. माझ्यावरचा माणूस तमिळ आहे, सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्याचं हिंदी माझ्या तमिळइतकंच. डिस्क बघून तो म्हणाला, "शादी किसका?" मी म्हटलं, बुआ का. "तेरा कब?" असं म्हणून हसला, आणि मग डिस्क उजेडात धरून हसायचा थांबला. कुणीतरी ती टूथपेस्टने घासली होती, ओरखडे जातील म्हणून. आणि नाना, राग मानू नका, पण जास्त वाट तुमच्या स्टिकरने लावलीय. तो बदामाचा, नवरा-नवरीच्या फोटोचा, जो तुम्ही प्रत्येक डिस्कवर हौसेने चिकटवायचा. एवढ्या उन्हाळ्यांत तो कागद फुगला, डिस्क वाकडी झाली, आणि फिरवली की थरथरते. पार्टीला खूश करायला लावलेला कागद. अण्णा म्हणाला, स्टिकर मत निकाल, साथ में सब निकलेगा.

म्हणून रविवारी, दुकान बंद असताना, सगळ्यात हळू वेगावर लावली. वाचवायचा एक प्रोग्राम आहे, तोही फुकटचा. तो घाई करत नाही. आधी जे नीट येतं ते उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो, मग माघारी येतो, उलट्या बाजूने वाचून बघतो, परत येतो. मी समोर डबा उघडून बसलो आणि भात तसाच राहिला. पाठवणी शेवटाकडे असते, आणि डिस्क शेवटाकडे, म्हणजे कडेलाच जास्त थरथरत होती. तिथेच अडकलं. प्रोग्राम जाऊन यायचा, चिमूटभर घेऊन यायचा. ऊन खाली उतरेपर्यंत हेच. शेवटी जे आलं ते आलं, थोडं राहिलंच.

मग हेडफोन लावले. चित्राचे चौकोन झालेत, आत्याचं तोंड दिसत नाही, मी म्हणजे नुसता पिवळा ठिपका. पण आवाज आला. "ए पोऱ्या, सरक ना बाजूले!" आणि पहिल्यांदाच त्याच्यानंतर कुणी हसलं नाही. इथे हसायला होतं कोण? म्हणून पुढचं ऐकू आलं, जे फैजपूरच्या त्या हसण्यात कधीच कुणाला ऐकू गेलं नव्हतं. अगदी जवळून, जणू माइकला ओठ लागलेत, एक हळू आवाज. "ऱ्हाऊ दे रे त्याले. मना पोऱ्या शे. येऊ दे त्याले बी."

ओरडला तो काका होता, नाना. लाईट धरायला तुमचा चुलतभाऊच असायचा की. एका घरातले आवाज, ओरडल्यावर सारखेच लागतात. तुमचा आवाज तो दुसरा, हळू बोललेला. किती महिन्यांत कुणी माझ्याजवळ आपल्या अहिराणीतलं "शे" म्हटलेलं नाही. मी परत लावलं, परत लावलं, आणि मग बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

सोमवारी अण्णाने जपून ठेवलेल्यातली एक डिस्क काढून दिली. ही आपल्या डिस्कसारखी नाही, हिचा थर दगडासारखा कडक असतो, लिहायला लेझर जास्त तापावा लागतो, म्हणून रायटरही वेगळा. पिढ्यान्‌पिढ्या टिकते म्हणतात. बघायला तेवढ्या पिढ्या कोण थांबलंय. तरी लाईट जाईल म्हणून बॅटरीवर लावलं, हळू लिहिलं. प्रोग्रामने विचारलं, डिस्क बंद करू का, नंतर काही भरता येणार नाही. मी हो म्हटलं. मग लिहिलेलं सगळं त्याने परत वाचून ताडून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणाला. स्टिकर लावला नाही. आतल्या रिंगवर, जिथे काही लिहिलेलं नसतं, तिथे पेनने आत्याचं नाव घातलं. मग अण्णाकडून तशीच दुसरी मागून घेतली, एक तिला, एक माझी.

काल तिचा फोन आला. मागे टीव्ही चालू, पोरांचा गोंधळ. "आलं का रे, तुहा बाप वरडतो ते?" मी म्हटलं, आलं, आत्या. ती तिथेच मोठ्याने हसली, आणि आतल्यांना ओरडून सांगितलं की आलं, आलं. दुसरा आवाज कुणाचा आहे ते मी तिला सांगितलं नाही. पुढेही सांगणार नाही बहुतेक. तुमचं काहीतरी एकट्या माझं असावं, असं वाटलं.