मान वळवलेला फोटो

ता. ९, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार घे. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझ्या डोळ्यांची पट्टी निघाली असं वहिनीने कळवलं, म्हणून आत्ता लिहितेय. हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चार इयत्तांत एवढंच येतं.

तुझ्या फोटोंचं पुस्तक निघतंय. निघायलाच हवं, जन्मभर नटनट्यांचे चेहरे काढलेस. पहिल्या पानावर बाईंचा तो मान वळवलेला फोटो घालायचा म्हणून निगेटिव्ह मागितलीस. माझ्याकडेच आहे. देते. पण आधी ऐक, आणि मधे बोलू नकोस.

एवढ्या मोठ्या नटी, बाई काही दहा मिनिटांवर बसायच्या नाहीत. त्या यायच्या आधी उजेड बसवायला तू मला बसवायचास. त्यांच्यासारखीच काळी शाल खांद्यावर, तास तास. "हलू नकोस गं, दगड हो," म्हणायचास. मी दगड व्हायची. दिव्याची ऊब गालावर यायची, धुळीचे कण तरंगायचे, तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागायचा. मी कोण, कुठली, काही कळायचं नाही. घरी भांडी घासणारी तर नव्हतेच. उजेड जमला की माझा एक फोटो काढून, धुऊन बघायचास.

त्या दिवशी बाईंच्या दोन निगेटिव्ह माझ्याकडे धुवायला दिल्यास आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलास. मी मनाने अजून त्या उजेडातच होते. आधी डेव्हलपरमध्ये घालायच्या, त्या थेट हायपोत, चित्र पक्कं करायच्या पाण्यात घातल्या. सगळं धुऊन गेलं. दोन्ही कोऱ्या.

तुझं डोकं कसं तापतं मला माहीत. म्हणून उजेड बघायला काढलेली माझीच निगेटिव्ह छापून ठेवली.

तू कागद धरून उभाच राहिलास. पुढे बाई आल्या तेव्हा बघून म्हणाल्या, "मी इतकी एकटी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" चेहरा सावलीत, गाल नि मान तेवढी उजेडात. त्याही फसल्या. मग तो मासिकांत आला आणि मोठमोठे नट तुझ्या जिन्यात ताटकळायला लागले.

मी काम का सोडलं, दहादा विचारलंस. सासरचं कारण खोटं. चूक माझी, ती मी पोटात ठेवली असती. पण दादा, तू ओळखलं नाहीस. रोज समोर बसून जेवणारी बहीण. वर तो फोटो भिंतीवर लावलास आणि काच पुसायला मलाच सांगितलंस.

निगेटिव्ह सोबत आहे. फोटोखाली नाव कुणाचं घालायचं, तुझं तू बघ. बाई बिचाऱ्या आता नाहीत, भांडायला यायच्या नाहीत. खोटं ठेवलंस तरी मी कुणाला बोलणार नाही. इतकी वर्षं बोलले का?

राग आला तर तोंडावर बोलायला ये. सकाळी मी दारात बसते. केस पिकलेत, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी धाकटी