फडक्यातला दगड

शुक्रवार, दिवेलागण

हौदा मी जोडला, टपाचे पाईप मी वाकवले, हँडब्रेकही मीच बसवला. जुन्या रिक्षाची शेतगाडी केली ती कुणाला न विचारता.

आज कुंभारीचे पाव्हणे ती विकत घ्यायला येणार म्हणून धुतली. सीटखाली फडक्यात गुंडाळलेला दगड निघाला. घाण म्हणून बांधावर फेकला. हँडब्रेक ओढून वळलो, तर गाडी उतारानं विहिरीकडं निघाली! बायकोनं धावत येऊन तोच दगड चाकाखाली सारला.

"दगड कशाला टाकला? दिवाळीपासनं त्याच्यावरच उभी ऱ्हातीय की!"

"मला सांगायचं नाही?"

"तुमच्या ब्रेकला नावं ठिवून जेवायचं कुटं आमी?"

मला तरी कळलं नव्हतं का? दांडा ढिला येतोय हे हाताला कळत होतंच. आणि ते फडकं तिच्या जुन्या लुगड्याचं. माझ्या रंगाला ओरखडा नको म्हणून गुंडाळलेलं.

पाव्हण्यांनी गाडीची लई वाखाणणी केली. ब्रेकचं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "विकायची नाही."

"व्हय, सोताच्या हातानं केलेली वस्तू कोण इकंल!" म्हणत ते कौतुकानं उठले.

पासष्ट हजार देत होते.